न पिकणारी गाठ

हे लिहायचं मी आजवर टाळत आलो. कुणी विचारलं नाही, असं नाही. निवृत्तीनंतर भोरच्या शाळेत, वाचनालयात, एकदा पानशेतला जमलेल्या जुन्या सहकाऱ्यांच्या बैठकीतही लोकांनी मला "तुमच्या संशोधनाविषयी सांगा" म्हणून उभं केलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं. पेशी म्हणजे काय, कर्करोग म्हणजे काय, पेशीला मरायला कसं सांगता येतं. टाळ्या घेऊन खाली बसलो. त्या सांगण्यात माझ्या वहिनी कधी आल्या नाहीत आणि माझे दादाही आले नाहीत. आता दोघंही नाहीत. गावात त्या दोघांबद्दल जे बोललं जातं ते खरं नाही, आणि ते खोटं इतकी वर्षं टिकलं ते माझ्या गप्प बसण्यामुळे.

दिवाळीच्या मागेपुढे भोरच्या रस्त्यावरून पेंढ्यानं भरलेले टेम्पो जायला लागतात. माझी खोली रस्त्याच्या वळणावर आहे. टेम्पो तिथं वेग कमी करतो आणि नव्या पेंढ्याचा गोडसर, धुरळलेला वास वर खिडकीपर्यंत येतो. मी खिडकी लावून घेतो. शेजाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला धुळीचा त्रास होतो. मीही तसंच सांगतो.

आमचं गाव हिर्डोशी. भोरहून वरंध घाटाकडे जाताना डोंगर जिथं जवळ यायला लागतात तिथं. आमची भातखाचरं उतारावर पायऱ्यांसारखी एकाखाली एक उतरत जातात. काढणीच्या दिवसांत सकाळी दव इतकं असायचं, की विळा धरलेला हात कोपरापर्यंत भिजायचा. ऊन डोंगराच्या माथ्यावरून खाली सरकत यायचं आणि ते ज्या खाचरात पोचायचं तिथलं भात एकदम पिवळं व्हायचं, बाकीची अजून करडी. बाया ओळीनं वाकलेल्या असायच्या. विळ्याचा आवाज फार मोठा नसतो. खसखस, आणि मध्ये थोडं थांबणं. ओळीच्या डाव्या टोकाला वहिनी असायच्या. त्यांची मूठ सगळ्यांत मोठी आणि बोलणंही सगळ्यांत मोठं.

आमचे आईवडील लवकर गेले. दादा माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो, आणि शिकायला भोरला राहिलो तेव्हा माझी भाकरी फडक्यात बांधून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायच्या त्या वहिनीच. मी पुढं खूप शिकलो, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागलो, तरी काढणीला रजा काढून गावी जायचं सोडलं नव्हतं. आमच्याकडे काढणी एका घराची नसते. आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या आमच्या. माझ्या हातून काम कितीसं व्हायचं, पण घरातला माणूस ओळीत दिसला पाहिजे, असं दादांचं म्हणणं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी मी गावी गेलो तो एका वेगळ्याच आनंदात. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांत कर्करोगाच्या पेशी वाढत असत. ज्या माणसाच्या गाठीतून त्या काढल्या तो माणूस केव्हाच गेला होता. त्याच्या पेशींना मात्र मरायचं ठाऊक नव्हतं, त्या वाढतच होत्या. पेशीच्या पृष्ठभागावर काही खास प्रथिनं असतात. पुस्तकात त्यांना ग्राही म्हणतात, आम्ही रिसेप्टर म्हणायचो. ती आवरणातून आरपार गेलेली असतात, एक टोक बाहेर, एक आत. दाराला कडी असावी तशी. बाहेरून ठरावीक प्रथिन येऊन ती कडी वाजवतं, तसे असे दोन-तीन रिसेप्टर जवळ येतात, त्यांची आतली टोकं एकमेकांना भिडतात आणि आत झोपलेल्या कात्र्या, म्हणजे कापणारी प्रथिनं, जाग्या होतात. एक कात्री दुसरीला जागी करते, दुसरी तिसरीला. मग त्या पेशीचा सांगाडा कापतात, तिच्या गाभ्यातला लांबलचक धागा तुकड्यातुकड्यानं कापतात. पेशी आक्रसते, तिच्या अंगावर रटरटणाऱ्या भातासारखे फुगे येतात, आणि ती लहान लहान पुड्यांमध्ये वाटली जाते. आजूबाजूच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. पू नाही, सूज नाही, मागे खूण नाही.

त्या आश्विनात मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही बनवलेलं प्रथिन बाटलीत सोडलं, आणि दुपारपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली त्या अमर पेशी एकेक करून आपला पसारा आवरायला लागल्या होत्या. शेजारच्या बाटलीतल्या निरोगी पेशी जिथल्या तिथं होत्या. आयुष्यात तसा आनंद मला पुन्हा झाला नाही. तो पोटात घेऊन मी हिर्डोशीची एसटी धरली.

दुपारची भाकरी खाऊन झाल्यावर सगळे खळ्याच्या कडेला बसले होते. वहिनींनी सुरुवात केली.

"भावजी, हाताला फोड आलं वाटतं. तिकडं पुन्याला काय इळा धरत न्हाई जनू तुमी."

"तिकडं भिंग धरतात ते," दादा म्हणाले. दादांना माझ्या कामाचा फार अभिमान. "सांग रं सदा, काय करतोस ते. ह्यास्नी वाटतंय तू नुसता खुर्चीत बसतोस."

मी सांगितलं. कडी, निरोप, आतल्या कात्र्या. लोक ऐकत होते. शेजारचे तात्या म्हणाले, "म्हंजी तुमी तिच्या दाराशी जाऊन म्हनता, बाई, मर. आन् ती मरती?"

"मरते."

"आमची म्हस न्हाई ऐकत एवढं."

सगळे हसले. मला त्यांना पटवून द्यायचं होतं. समोर कापायचं राहिलेलं एक खाचर होतं. मी म्हणालो, "हे भाताचं पातं बघा. दाणा भरला की पातं आपणहून पिवळं पडतं. त्याला कुणी मारलं? त्याचं मरण त्याच्या आतच लिहिलेलं असतं. पेशीचंही तसंच. आमचं औषध तिला फक्त सांगणार, की बाई, तुझी वेळ झाली."

दाखला सगळ्यांना आवडला. मलाही फार आवडला. आपलं शिक्षण आपल्या मातीत असं चपखल बसलं, याचं मला कौतुक वाटलं.

लोक उठून कामाला लागले. वहिनी मागे राहिल्या, पेंढ्या बांधत. पेंढ्याचा बंद वळून त्या गुडघ्यानं भारा दाबायच्या आणि दोन्ही हातांनी गाठ ओढायच्या. त्या दिवशी त्या उजव्याच हातानं ओढत होत्या. डावा हात अंगाशी धरलेला होता. हे मी पाहिलं. पाहिलं होतं, असं आज मला स्पष्ट लिहायचं आहे.

"भावजी, एक इचारू का?"

"विचारा की."

"माझ्या म्हायेराला, कामथडीला, एक बाई हाय. तिला..." त्यांनी मान खाली घातली. "तिला गाठ झालीया. काखंच्या खाली, पुढच्या अंगाला. दुखत न्हाई. पर वाढती. ती कुनाला दाखवत न्हाई. कापायला सांगतील म्हनून भेती. तुमच्या त्या औषधानं व्हईल का तिचं?"

दिरापुढे वहिनीनं छातीचं नाव घ्यायचं नसतं आमच्याकडे. आपल्या दुखण्याचं तर नाहीच. म्हणून कामथडीची बाई. हे न कळण्याइतका मी पुण्याचा झालो नव्हतो. पण त्या दिवशी मला ती बाई कामथडीचीच असायला हवी होती. ती समोर बसलेली आहे हे मानलं असतं, तर मला माझा आनंद तिथंच ठेवून दादांना बाजूला घ्यावं लागलं असतं.

मी म्हणालो, "आता कापाकापीचे दिवस फार राहिले नाहीत, वहिनी. त्या बाईला म्हणावं, धीर धरा."

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो, की यापुढे मी आणखी एक वाक्य बोललो होतो. "पण डॉक्टरांना दाखवायला सांगा," असं. बोललो नव्हतो.

वहिनींचा चेहरा उजळला. "म्हंजी पिकून आपसूक गळंल. मला वाटलंच. हिरव्याला इळा लावून काय हाती येतंय?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो, आणि हसलो.

आमच्याकडे साधं गळूसुद्धा पिकल्याशिवाय कुणी फोडत नाही. पोटीस लावतात, वाट पाहतात. पिकणं म्हणजे बरं व्हायची सुरुवात. भात पिकतं, आंबा पिकतो, गळू पिकतं, आणि पिकलेलं आपोआप सुटतं. वहिनींच्या सगळ्या आयुष्याला हे जमून येत होतं, आणि त्यावर मी, एवढा शिकलेला घरचा माणूस, होय म्हणालो. कर्करोगाची पेशी पिकत नाही. तिची वेळ कधी होतच नाही, ती कायम हिरवीच राहते, आणि तोच तिचा रोग आहे. भाताच्या पात्याचा दाखला तिला लागू पडत नव्हता. ती पिवळं पडणं विसरलेली असते. एवढं एक वाक्य खळ्यावर बोलायला मला वेळ होता, ऊन होतं, समोर ऐकणारं माणूस होतं.

पुण्याला परतलो. थंडीत आम्ही तेच प्रथिन अंगात गाठ रुजवलेल्या उंदरांना टोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात ते मरून पडलेले होते. पोट उघडलं तर यकृतं काळीनिळी झालेली. यकृताच्या निरोगी पेशींच्या अंगावरही तीच कडी होती, आणि आमच्या निरोपानं तीही वाजली होती. ज्या थोड्या उंदरांत मात्रा कमी केली त्यांचं यकृत वाचलं आणि गाठही वाचली. त्या गाठीतल्या पेशींनी अंगावर दुसरेच रिसेप्टर उभे केले होते. बाहेरून हुबेहूब तसेच, पण आतलं टोक नसलेले. निरोप येतो, कडीला अडकतो, आत काहीही हलत नाही. आमच्या प्रमुख बाई मेलेल्या उंदराकडे बघत म्हणाल्या, "हे माणसाला द्यायचं नाव काढू नका. आपल्या हयातीत तरी नाही." मी मान हलवली. गावी मात्र कळवलं नाही. का कळवायचं, असंही मनाशी म्हटलं असेल. कामथडीच्या त्या बाईला कुणीतरी दवाखान्यात नेलंच असेल.

चैत्रात दादांचा फोन आला. हिर्डोशीत फोन नव्हता. एसटीनं भोरला येऊन बसस्थानकापाशी रशीदभाईंच्या बूथमधून त्यांनी केला होता. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. कुणी तरी घाई करत होतं, आणि रशीदभाई त्याला म्हणत होते, "थांब की बाबा, त्यांचा भाऊ शास्त्रज्ञ हाय, महत्त्वाचं बोलनं चाललंय."

"सदा, आरं, त्या कामथडीच्या बाईचं इचारायचं व्हतं. डॉक्टर म्हनतोय पुन्याला न्हेऊन कापा. ती आडून बसलीया. म्हनती भावजींचं..." दादा थांबले. मग म्हणाले, "म्हनती तुझं औषध यायचं हाय. मी म्हनलं, सदालाच इचारतो. थांबायचं का कापायचं? तू सांगशील तसं."

भावजी म्हणणारी कामथडीला कुणी नव्हती. कामथडीच्या कुणा बाईसाठी माझा भाऊ दिवसाचं काम सोडून एसटीनं भोरला येऊन का फोन करील, हा प्रश्नही मला पडला. पडला, आणि मी तो बाजूला सारला. त्या आठवड्यात आमच्या कामाचा अहवाल जायचा होता, त्यात उंदरांचं काय लिहायचं यावरून माझी झोप उडाली होती. दादांनी माझं काम गावभर सांगितलं होतं. त्यांना "ते फसलं" म्हणणं मला जमेना.

"काम चालू आहे, दादा," मी म्हणालो. "फार घाई करायला नको."

"बरं. मग थांबतो," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती.

काम चालू होतं, हे खरं होतं. एवढंच त्यात खरं होतं.

पुढच्या काढणीला मी गेलो तेव्हा ओळीच्या डाव्या टोकाला दुसरीच बाई होती. भातं त्या वर्षी चांगली आली होती. आंबेमोहराचा वास खाचरांवर साचून राहिला होता. घराच्या दारात पाय ठेवला तर तो वास थांबला आणि दुसरा सुरू झाला. तो वास मला ठाऊक होता. वहिनी चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला. आवाज मात्र नेहमीचा.

"भावजी, ती कामथडीची बाई मीच हो," त्या म्हणाल्या. "हसू नका. आन् आता पिकलं बगा. आठ दिस झालं, फुटलंय. आता गळंल ना?"

त्या मला आनंदाची बातमी देत होत्या. ती देण्यासाठी त्यांनी जन्मभराची लाज बाजूला ठेवली होती. मी काय म्हणालो ते आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा खळ्यावर झोडणी चालली होती आणि तात्यांनी हाक मारून विचारलं, "काय शास्त्रज्ञ, च्या झाला का न्हाई?"

पुण्याच्या रुग्णालयातले डॉक्टर मला नावानं ओळखत होते. त्यांनी मला खुर्ची दिली. दादा टोपी हातात धरून उभेच राहिले. तपासून आल्यावर डॉक्टर दादांकडे बघून म्हणाले, "एवढे दिवस काय करत होता तुम्ही? वर्षापूर्वी आणलं असतं तर काही करता आलं असतं."

"चुकलं, सायेब," दादा म्हणाले.

मी खुर्चीत बसलो होतो.

शिमग्याच्या आधी वहिनी गेल्या. दहाव्याला नदीवर सगळा भावकीचा मेळा जमला होता. पिंड ठेवून झाला होता, आणि कावळा शिवत नव्हता. मग वहिनींचे भाऊ, कामथडीहून आलेले, पुढे होऊन दादांना सगळ्यांदेखत म्हणाले, "शिवंल कसा? माजी भन जिती व्हती तवा दवाखान्यात न्हेली न्हाईस. शेतात राबायला मानूस पायजे म्हनून घरी ठिवलीस. आता हात जोडतोस व्हय?"

दादांचं डोकं नुकतंच केलेलं होतं. उन्हात ते फार लहान दिसत होतं. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. एक वाक्य बोलले असते तर ते सुटले असते. "ह्यानं थांबायला सांगितलं." ते बोलले नाहीत. पुढे होऊन पिंडापाशी वाकले आणि काही तरी पुटपुटले. काय कबूल केलं कुणाला ठाऊक. मी चार पावलांवर पाण्याकडे बघत उभा होतो.

तिथून जे सुरू झालं ते आजही चालू आहे. बायकोला दवाखाना न दाखवलेला माणूस, हे दादांचं नाव पडलं. कामथडीचं येणंजाणं तुटलं. आणि वहिनी अडाणी, भित्र्या, कापायला घाबरून मेल्या, असं त्यांच्याबद्दल सांगतात. वहिनी घाबरल्या असतील, पण मेल्या त्या विश्वासानं. ज्याची भाकरी त्यांनी एसटीवर चढवली, त्याच्यावर ठेवलेल्या विश्वासानं.

जगभरातल्या पुष्कळ लोकांनी त्या रिसेप्टरांच्या वाटेनं जाऊन पाहिलं. आम्हाला तेव्हा वाटलं होतं तसं औषध अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. लागेलही. माझ्याच्यानं आता त्याची वाट पाहवत नाही. शाळेतली मुलं विचारतात, सर, पेशीला आपली वेळ झाली हे कसं कळतं? मी सांगतो. नीट सांगतो. घरी आल्यावर जेवण जात नाही.

वहिनींच्या पश्चात दादा वीसेक वर्षं जगले. दर काढणीला मी ठरवून जायचो, की यंदा सांगायचं. कधी खळ्यावर माणसं असायची, कधी दादा दमलेले असायचे, कधी मीच परतीची लवकरची एसटी धरायचो. एकदा एवढंच म्हणून पाहिलं, "दादा, दहाव्याला तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?" दादा विळ्याला धार लावत होते. म्हणाले, "तुजं नाव कशाला? तू लोकांच्या कामाचा मानूस." आणि पुन्हा धार लावू लागले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बोलता आलं असतं.

शेवटच्या वर्षी त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. अंगणात खाटेवर उन्हाला बसलेले असायचे. कानाशी जाऊन ओरडल्याशिवाय काही कळायचं नाही, आणि ओरडलं की शेजारच्या खळ्यावरची माणसं मान वर करून बघायची. मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसलो. सांगायचं तर आता ते ओरडूनच सांगावं लागणार होतं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. खरं म्हणजे तेच योग्य होतं. ज्यांच्यादेखत त्यांना दोष लागला, ती माणसं तिथंच झोडणी करत होती. मी घसा साफ केला. आणि नेहमीच्या आवाजात, त्यांना ऐकू जाणार नाही इतक्याच आवाजात बोललो.

"काय म्हनलास?" दादांनी कानामागे हात धरला.

खळ्यावर कुणी तरी वळून पाहिलं.

"ऊन लागतंय का, म्हटलं," मी ओरडून म्हणालो.

"लागू दे," दादा म्हणाले.

पौषात ते गेले. मी जे बोललो होतो ते एवढंच होतं: दादा, वहिनींना थांबवलं ते मी, तुम्ही नाही, मला माफ करा.